तुसातला दाणा

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वनस्पतिशास्त्रात लुडबूड करावी, हे काहींना रुचणार नाही. पण कर्जत-खालापूरकडे भातशेती कुणाला चुकली आहे? भात निसवल्यावर खताची आणखी एक मूठ टाकली की दाणा मोठा होतो, असे आमच्या घरी म्हणत. मला ते पटत नाही. कारण तुसात आहे.

तूस म्हणजे एकमेकांत अडकलेली दोन टरफले. फुलोऱ्यापूर्वीच ती पूर्ण मापाची होतात. फुलताना तासाभरापुरती उघडतात, मिटतात, आणि मग आत दाणा धरतो. तो आधी लांबीला वाढतो, मग रुंदीला, शेवटी जाडीला. तुसाला टेकला की पुढे वाढायला जागाच नाही. उशिराचे खत फार तर दाणा भरील. तूस मोठे व्हायचे तर पोषण लोंबी धरतानाच मिळाले पाहिजे. (ऐन फुलोऱ्यात पावसाने झोडपले तर पुष्कळ तुसे रिकामीच राहतात, त्यालाच आपण पळंज म्हणतो.)

कर्जतच्या भात संशोधन केंद्राचे काही वाण बारीक, काही जाड; हा फरकही बराचसा तुसातच ठरतो. २००७ साली चिनी संशोधकांना 'जीडब्ल्यू-२' हे जनुक सापडले. ते निकामी झाले की तूस रुंद होते, आणि त्यामागून दाणाही!

ज्यांना तूस नाही त्या बियांचे काय? मोहरीच्या कुळातील एका लहानशा रोपावर फ्रान्समधील ल्योनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले की, आतला गर बाहेर रेटतो तेव्हा बीजकवचाच्या एका थराला तो ताण जाणवतो. पुढे असेही दिसले की, ताणामुळे त्या थराच्या पेशीभित्ती ताठर होतात आणि बी मोठे होणे थांबते. तिथे कुंपण वाढीबरोबर तयार होते. भाताचे मात्र दाणा धरण्याआधीच उभे असते.