रेल्वेने हार्पर्स फेरी

भारतातून आई-बाबा आले, की वॉशिंग्टन परिसरातल्या आपल्या घरांतून एक ठरलेली यादी बाहेर निघते. व्हाइट हाउस, लिंकन मेमोरियल, स्मिथसोनियनची संग्रहालये आणि हवा चांगली असेल तर स्कायलाइन ड्राइव्ह. या यादीत वेस्ट व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरीचे नाव जरूर घालावे. वॉशिंग्टनपासून सुमारे 65 मैलांवरचे हे गाव, वस्ती तीनशेच्याही आत. कारने दीड तासात पोहोचता येते, पण माझा आग्रह असा, की इथे रेल्वेने जावे आणि मुक्कामाला जावे. या गावाची गोष्टच रेल्वेच्या रुळांवरून जाते.

वेळापत्रकाचे गणित

वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनवरून इथे दोन प्रकारच्या गाड्या जातात. एक म्हणजे ॲमट्रॅकची शिकागोला जाणारी लांब पल्ल्याची गाडी. वर्षानुवर्षे तिचे नाव 'कॅपिटॉल लिमिटेड' होते. नोव्हेंबर 2024 मध्ये ती मायामीच्या गाडीला जोडली गेली आणि 'फ्लोरिडियन' झाली. दिवसातून एकदाच, दुपारी निघते. दुसरी मार्कची ब्रन्सविक लाइन. ही नोकरदारांची लोकल आहे. फक्त सोमवार ते शुक्रवार, सकाळी वॉशिंग्टनकडे आणि दुपार-संध्याकाळी परत.

म्हणजे वॉशिंग्टनहून सकाळी निघून संध्याकाळी घरी, हे रेल्वेने जमत नाही. शुक्रवारी जायचे, रविवारी ॲमट्रॅकने परतायचे. सोमवारी सुट्टी काढली असेल, तर पहाटेच्या लोकलनेही येता येते. ॲमट्रॅकचे रिझर्व्हेशन आधी करावे लागते. परतीची गाडी रात्रभर प्रवास करून शिकागोहून येते आणि हा मार्ग मालगाड्यांच्या कंपनीच्या मालकीचा आहे, त्यामुळे उशीर होऊ शकतो. रविवारी संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावू नका!

जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा. पॉइंट ऑफ रॉक्सनंतर पोटोमॅक नदी आणि जुना सीअँडओ कालवा रुळांच्या सोबतीला येतात. या कालव्याचे आणि बीअँडओ रेल्वेचे काम एकाच दिवशी, 4 जुलै 1828 ला सुरू झाले. डोंगर आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोघांनाही जागा हवी होती, म्हणून प्रकरण कोर्टात गेले. पुढे रेल्वे 1842 मध्ये कंबरलँडला पोहोचली, कालव्याला तिथे जायला 1850 साल उजाडले. (आपली बोरीबंदर-ठाणे गाडी 1853 ची, हे मुलांना आठवणीने सांगा.) शेवटी गाडी बोगद्यात शिरते, बाहेर पडते ती थेट पोटोमॅकवरच्या पुलावर, आणि पुलापलीकडे गाव. डावीकडे शेनन्डोआ येऊन पोटोमॅकला मिळते. संगमावरचे गाव म्हटल्यावर आईने नकळत हात जोडले होते. मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया ही तीन राज्ये इथे भेटतात.

शस्त्रांचा कारखाना आणि जॉन ब्राउन

रॉबर्ट हार्पर नावाच्या माणसाची इथे नाव चालायची, म्हणून हे हार्पर्स फेरी. नदीच्या पाण्याची ताकद पाहून जॉर्ज वॉशिंग्टनने सरकारी शस्त्रकारखान्यासाठी ही जागा निवडली. बांधकाम 1799 मध्ये सुरू झाले. इंजिनिअर मंडळींनी एक नाव लक्षात ठेवावे, जॉन हॉल. एका रायफलचा भाग दुसरीला बेमालूम बसला पाहिजे, ही गोष्ट यंत्रांनी साधण्याचे काम त्याने इथे 1820 च्या दशकात करून दाखवले. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण कारखानदारीचा पायाच त्यावर आहे.

गावाला इतिहासात जागा मिळाली ती मात्र वेगळ्या कारणाने. 16 ऑक्टोबर 1859 च्या रात्री जॉन ब्राउन हा गोरा माणूस 21 साथीदार घेऊन इथे चालून आला. त्यांत पाच कृष्णवर्णीय होते, आणि तीन त्याचे स्वतःचे मुलगे. कारखान्यातली शस्त्रे गुलामांच्या हाती द्यायची आणि गुलामगिरी मोडून काढायची, हा बेत. मध्यरात्रीनंतर बाल्टिमोरकडे जाणारी गाडी आली, ती त्यांनी अडवली आणि सकाळी सोडून दिली. पुढच्या स्टेशनातून तारा गेल्या आणि बातमी फुटली. ब्राउनने कारखान्याच्या बंबखान्याचा आसरा घेतला. 18 तारखेला रॉबर्ट ली याच्या हुकुमाखालच्या मरीन सैनिकांनी दार फोडून त्याला पकडले. 2 डिसेंबरला फाशी झाली. दीड वर्षाच्या आत यादवी युद्ध पेटले.

या हल्ल्यात पहिला बळी गेला तो हेवर्ड शेफर्डचा. तो गुलाम नव्हता. स्टेशनवर सामान सांभाळणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय कामगार होता. हे ऐकून आमच्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारले, "मग जॉन ब्राउन गुड गाय होता की बॅड गाय?" मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, आपल्या जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं, आणि ते अर्पण कुणाला केलं माहीत आहे? अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना." तिचा प्रश्न सुटला नाही. पण पुण्यात बसून कुणीतरी या देशाकडे असे पाहत होते, हे तिला नवीन होते. खरे सांगायचे तर मलाही बाबांच्या तोंडून ते पहिल्यांदाच नीट ऐकायला मिळाले.

अनवाणी चाललेली माणसे

तो विटांचा बंबखाना आजही आहे, पण मूळ जागी नाही. 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उचलून शिकागोला नेला होता. परत आणून आधी एका शेतात उभारला, मग स्टोरर कॉलेजच्या आवारात, आणि 1968 मध्ये खालच्या गावात, मूळ जागेपासून सुमारे दीडशे फुटांवर. मूळ जागा आता रेल्वेच्या भरावाखाली आहे.

स्टोरर कॉलेज 1867 मध्ये मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी सुरू झाले आणि 1955 पर्यंत चालले. ऑगस्ट 1906 मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यू बोइस आणि नायगारा चळवळीचे कार्यकर्ते इथे जमले. एके सकाळी ते शेतातल्या त्या बंबखान्याकडे चालत गेले. जागा पवित्र म्हणून त्यांनी बूट-मोजे काढले. देवळाच्या पायरीशी चपला काढणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या चळवळीतले अनेकजण 1909 मध्ये एनएएसीपी या संघटनेच्या स्थापनेत होते. ज्या दशकात नागरी हक्कांचे कायदे झाले, त्याच दशकात, 1965 मध्ये, देशांनुसार कोटा ठेवणारा जुना इमिग्रेशन कायदाही गेला, आणि आपल्यासारख्यांना दार उघडले. तो लढा आपला नव्हता, असे म्हणायची आपल्याला सोय नाही.

काय पाहाल, काय न्याल

स्टेशनातून उतरलात की पाच मिनिटांत खालच्या गावात. कारने येणाऱ्यांना बहुधा टेकडीवरच्या व्हिजिटर सेंटरला गाडी लावून शटल बस घ्यावी लागते, ती दगदग वाचते. बंबखाना, छोटी संग्रहालये आणि एका इमारतीवर रंगवलेल्या पुरांच्या खुणा पाहा. 1936 च्या पुराची खूण पाहून पुणेकरांना पानशेत आठवेल.

सेंट पीटर्स चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्या खडकात कोरलेल्या आणि उंचसखल आहेत. गुडघे दुखत असतील तर आजी-आजोबांनी खालीच थांबावे. पुढे जेफर्सन रॉक आहे. इथला देखावा पाहण्यासाठी अटलांटिक ओलांडून यावे, असे जेफर्सनने लिहून ठेवले आहे. आपण तर दोन समुद्र ओलांडून आलो! रेल्वेपुलाला लागून पादचारी पूल आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारा ॲपलेशियन ट्रेल त्यावरूनच जातो. मुलांना सांगा, आपण त्याचा अर्धा मैल चाललो. नदीत मात्र उतरू नका, प्रवाह फसवा आहे.

गावात खाण्याच्या जागा मोजक्या आणि संध्याकाळी लवकर बंद होतात. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचे लोणचे असा डबा घ्या. चालायचे बूट, टोपी आणि पाण्याच्या बाटल्या हव्यातच.

ऑक्टोबरमध्ये डोंगर रंगलेले असतात, म्हणून खोल्या लवकर भरतात. उन्हाळ्यातच बुकिंग करा, आणि निघायच्या आठवड्यात ॲमट्रॅक आणि मार्क दोन्हींची वेळापत्रके पुन्हा एकदा पाहून घ्या.