हळदीच्या गाडीस अस्तर कोणतें असावें?

वसमत-हिंगोलीकडील पुष्कळ शेतकरी बंधूंच्या पिकअप गाडींतून हळद बाजारांत जाते, व त्याच हौद्यांतून खत घरीं येतें. सांडलेलें पोटॅश क्षारयुक्त असल्यानें ओलीच्या संगतीनें पत्रा लवकर गंजवितें. म्हणून अस्तर निवडतांना, त्याखालीं ओल राहील काय, हें प्रथम पाहावें.

टणक प्लास्टिकचें बसतें अस्तर आघात सोसतें. परंतु त्याखालीं पाणी साचून गंज दृष्टीआड वाढतो. फवाऱ्यानें दिलेला पॉलियुरेथेनचा थर पत्र्यास चिकटून राहतो. मात्र जुना गंज खरवडून पत्रा कोरडा केल्यावांचून तो देऊं नये. अल्प खर्चांत जाड रबरी चटई बरी. तीवर पोतीं घसरत नाहींत. खत उतरतांच ती उचलून हौदा धुवावा व वाळवावा. हळदीच्या पोत्यांस ओल लागल्यास बुरशी येते व भाव पडतो. ती हानि अस्तराच्या किंमतीहून जड जाते.