साडेपाच हजारांची बास गिटार

“काय गं, आज शेवयांची खीर का?” असं विचारत सासूबाई ओट्याजवळ आल्या आणि पातेल्यात डोकावून दोन पावलं मागे सरल्या. पातेल्यात उकळत होत्या चार जाडजूड पोलादी तारा!

“तुमच्या नातीच्या गिटारच्या आहेत, आई. दहा मिनिटं उकळल्या की आवाज उजळतो म्हणतात.”

“आणि पातेल्याचं काय?” त्यांनी एवढंच विचारलं. पातेलं जुनंच होतं. आता ते कायमचं तारांचं झालं आहे.

तर मैत्रिणींनो, शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून आणि घरकामातून वेळ काढून मी या तारांच्या नादी कशी लागले, त्याची ही हकीकत. तुमच्याही घरी उद्या एखादं पोर असलं काही मागेल, तेव्हा उपयोगी पडावी म्हणून लिहिते आहे.

आमची कन्या नववीत आहे. तिच्या शाळेत मुलांचा एक छोटा वाद्यवृंद आहे. त्यात बास गिटार वाजवणारा मुलगा दहावीचं वर्ष म्हणून बाहेर पडला आणि जागा रिकामी झाली. कन्येने हात वर केला. उत्तर मिळालं, “मुलींनी कोरसमध्ये उभं राहायचं. आणि वाद्य आहे का तुझ्याकडे? स्वतःचं असेल तर बघू.” त्या संध्याकाळी ती काही बोलली नाही, जेवलीही नाही धड. रात्री अंथरुणात हळूच म्हणाली, “आई, बास गिटार केवढ्याला येते गं?”

‘नंतर बघू’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. पण मला माझी सतार आठवली. प्रवेशिकेपर्यंत परीक्षा दिल्या होत्या मी. मग दहावी आली, मग बारावी, मग बी.ए., मग लग्न. दर वेळी कुणीतरी ‘नंतर बघू’ म्हणालं आणि मीही मान डोलावली. आज ती सतार माहेरी कपाटावर गंजलेल्या तारांनिशी पडून आहे. म्हणून ते शब्द गिळले.

ह्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. “अगं, तबला आठवतोय ना?” हे म्हणाले. तीन वर्षांपूर्वी धाकट्यासाठी हौसेने तबला-डग्गा आणला होता. दोन महिने वाजला. आता डग्ग्यावर इस्त्रीचे कपडे असतात. शेवटी तह झाला : गिटारसाठी सहा हजारांच्या वर जायचं नाही, आणि घरखर्चाला हात लावायचा नाही. माझे पेपर तपासण्याचे पैसे साठले होते. ते बाहेर काढले.

बास म्हणजे नेमकं काय?

मलाही आधी ठाऊक नव्हतं. नेहमीच्या गिटारला सहा तारा, बासला बहुधा चारच. त्या गिटारच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. गाण्यात ती सहसा वेगळी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर गाणं पोकळ वाटतं. आमटीतल्या मिठासारखं समजा.

पूर्वी हे काम माणसाएवढ्या उंच, उभ्या डबल बासचं होतं. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणली. ती गळ्यात अडकवता येत होती, आणि दांडीवर पक्के पडदे असल्यामुळे सूर नेमका लागत होता. त्या नेमकेपणावरूनच तिला ‘प्रिसिजन’ हे नाव मिळालं. आजच्या बहुतेक स्वस्त बास गिटारी तिच्याच घडणीच्या असतात. म्हणजे साध्या, खोलून परत जोडता येण्याजोग्या. हे आपल्या फार फायद्याचं आहे.

‘मुलींचं वाद्य नव्हे’ या बोलण्याचं उत्तरही सापडलं. अमेरिकेत कॅरोल के नावाच्या बाई ध्वनिमुद्रणात गिटार वाजवत असत. १९६३ साली एका मुद्रणाला बास वाजवणारा आलाच नाही, म्हणून त्यांनी बास हाती घेतली आणि पुढे तेच त्यांचं मुख्य वाद्य झालं. मुलंबाळं सांभाळून! आणि इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईची मोहिनी डे वडिलांकडून लहानपणीच बास शिकली आणि ए. आर. रहमान यांच्यासोबत वाजवू लागली. कन्येने तिचा फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

जुनी गिटार घेताना

दुकानात चौकशी केली तेव्हा बरी नवी बास बारा-पंधरा हजारांच्या घरात सांगितली. मग जुनी शोधायची ठरवली. निघण्यापूर्वी नारायण पेठेत वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेले. ते म्हणाले, “ताई, रंग बघू नका, दांडी बघा.” त्यांनी सांगितलेल्या गोष्टी तुम्हीही ध्यानात ठेवा :

सुतार फळी डोळ्यासमोर धरून बघतो तशी गिटारची दांडी बुडख्याकडून बघावी. किंचित कमान चालेल, पण पीळ पडलेला नको. कमान काढता येते, पीळ निघत नाही.

दांडीच्या आत एक लोखंडी सळई असते. तिच्या टोकाचा नट किल्लीने थोडा तरी फिरला पाहिजे. जाम झाला असेल तर गिटार परत ठेवावी.

प्रत्येक तारेवर प्रत्येक पडद्याशी सूर वाजवून बघावा. कुठे मुका पडतो, कुठे खरखरतो ते लिहून घ्यावं.

बटणं फिरवताना होणारी खरखर, सैल झालेली वायर जोडायची जागा, जुनाट तारा या गोष्टींना मुळीच घाबरू नये. त्या दाखवून किंमत मात्र उतरवावी.

आणि एक आईने बघायची गोष्ट : वजन. नेहमीची बास चार किलोच्या आसपास भरते, आणि तारेची लांबी ३४ इंच असते. हात अगदी लहान असतील तर ३० इंची, आखूड दांडीची बास मिळते. आमची कन्या माझ्याहून उंच, म्हणून ३४ इंची चालली.

नोकरीसाठी बंगळूरला निघालेल्या एका मुलाकडे काळी, टवके उडालेली बास होती. सात हजार म्हणत होता. मी भाजी घेताना करते तशी प्रत्येक खोड दाखवत गेले आणि साडेपाचला घेतली. दांडी मात्र सरळ होती!

दुरुस्तीचा संसार

घरी आणली ती गुणगुणत होती, खरखरत होती, आणि तारा इतक्या उंच की दाबताना कन्येची बोटं सोलली. एकेक काम हाती घेतलं.

पहिलं तारांचं. जाड तारांच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ बसतो, त्याने आवाज मंदावतो. उकळल्यावर तो निघतो. बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, नाहीतर गंजतील. मात्र ही उजळणी थोड्याच दिवसांची असते. गॅदरिंगच्या आधी आम्हाला नव्या तारा घ्याव्या लागल्याच.

मग दांडी. तार पहिल्या पडद्याशी आणि शेवटच्या पडद्याशी एकदम दाबून धरायची. मधे, सातव्या-आठव्या पडद्याशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. आमच्याकडे लग्नपत्रिका सरकत होती! तारा थोड्या सैल करून सळईचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की कमान कमी होते. पण एका वेळी पाव फेराच, आणि मग रात्रभर थांबायचं. लाकडाला सवय व्हायला वेळ लागतो. घाई केली तर सळईचे आटे जातात आणि गिटार भिंतीवर टांगायच्या लायकीची उरते. आम्हाला दोन रात्री लागल्या.

पुढे घोडीवरचे छोटे स्क्रू. त्यांनी तारेची उंची ठरते. बाराव्या पडद्याशी साधारण दोन-अडीच मिलिमीटर ठेवली. मग बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर जुळवायचे. दाबलेला चढा आला तर घोडीचा तो तुकडा मागे न्यायचा, उतरला तर पुढे. इथे माझी सतार कामी आली. हात विसरले होते, कान विसरले नव्हते. कन्या मोबाइलवरच्या यंत्रात बघायची, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, “अजून चढा आहे गं!”

बटणांची खरखर स्विच साफ करायच्या फवाऱ्याने बरीच गेली. एक बटण आणि वायर खोचायची जागा बदलली. तपकीर गल्लीत हिंडले, तर तिथला दुकानदार म्हणाला, “मिक्सरसाठी का, वहिनी?” मी म्हटलं, “बाससाठी.” त्याने निमूटपणे वस्तू काढून दिल्या.

राहिली गुणगुण. तारांना हात लावला की ती कमी व्हायची. त्यावर उपाय म्हणजे गिटारच्या पोटातली पोकळी धातूच्या पत्र्याने मढवून ती मढवणी अर्थच्या वायरला जोडायची. मला वाटलं, पोळ्यांची फॉइल आहेच की घरात! दुपारभर बसून चिकटवली. पण ॲल्युमिनिअमवर साधं सोल्डर धरतच नाही. थेंब मोत्यासारखा घरंगळतो. सगळं खरवडून काढलं आणि तांब्याची चिकटपट्टी आणली. तिचे सगळे तुकडे एकमेकांना जोडलेले हवेत, आणि आवाज नेणाऱ्या वायरचं उघडं टोक तिला मुळीच लागता कामा नये. तसं झालं तर गिटार एकदम मुकी होते. सोल्डरिंगची इस्त्री ह्यांच्या खोक्यात होती. हे आधी नुसते बघत होते, मग म्हणाले, “दे इकडे, हात भाजशील.” तबल्याचा विषय त्या दिवसापासून बंद झाला.

माझी चूक

सगळं नीट झाल्यावर थांबायला हवं होतं. पण सतारीला तारगहन असते ना, तसा गिटारलाही दांडीच्या टोकाला खाचांचा एक तुकडा असतो. त्याच्या खाचा उंच होत्या, म्हणून पहिल्या पडद्याशी तार दाबायला जड जात होती. बारीक कानस घेतली. चारातल्या तीन खाचा उत्तम उतरल्या. चौथीला दोन हात जास्त मारले, आणि सर्वांत जाड तार मोकळी छेडली की माशीसारखी घोंघावू लागली. गॅदरिंगला दोन दिवस होते. कन्या माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

काकांना फोन केला. ते हसले. “ताई, घरात खायचा सोडा आहे ना? आणि फेविक्विक?” खाचेत चिमूटभर सोडा भरायचा, वर एक थेंब सोडायचा. क्षणात दगडासारखं घट्ट होतं. मग पुन्हा हलक्या हाताने खाच पाडायची. आजूबाजूला चिकटपट्टी लावून घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि चेहरा लांब ठेवा, कारण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. रात्री साडेअकराला ती तार पुन्हा स्वच्छ बोलली.

एक शेवटची खुबी सांगते. भांडी घासायच्या नव्या स्पंजची पट्टी कापून घोडीजवळ तारांखाली सारली, तर आवाज लांबत नाही, गोल आणि मऊ येतो. जुन्या फेंडर बासमध्ये घोडीच्या झाकणाखाली असाच फोम बसवलेला असे.

हिशेब

गिटार ५,५०० रुपये, नव्या तारा १,६००, तांब्याची पट्टी २८०, फवारा २५०, बटण आणि जोडणी १९०, कानशी २२०. एकूण ८,०४० रुपये. गवसणी मी जुन्या गोधडीची शिवली, तिचा खर्च नाही. गिटार सहा हजारांच्या आत बसली, दुरुस्तीने मात्र वर नेलं. म्हणून तुम्ही हिशेब करताना किमतीच्या निम्मी रक्कम वेगळी काढून ठेवा. घरच्या रेडिओच्या किंवा टीव्हीच्या स्पीकरला बास मोठ्या आवाजात जोडू नका, पडदा फाटतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हेडफोन लावून सराव करावा, शेजारधर्म टिकतो.

गॅदरिंगमध्ये कन्या मागच्या रांगेत उभी होती. दुसऱ्या गाण्यात एकदा चुकली. ते मला कळलं आणि तिला कळलं, बाकी कुणाला नाही. नंतर सरांनी पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत तिचं नाव लिहून घेतलं. कोरसचा विषय कुणी काढला नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “तिचं वाजवणं ऐकू आलं नाही बाई मला. पण छातीत धडधडत होतं ते तिचंच का?”

“हो आई, तिचंच.”

गेल्या आठवड्यात माहेरी जाऊन मी सतार खाली काढली. काकांकडे जवारीला दिली आहे. ते म्हणाले, वेळ लागेल. लागू दे.