कोरड्या दिवसांतला पूर

आफ्रिकेत सफारीला कधी जावं? ठरलेलं उत्तर: कोरड्या ऋतूत. गवत वाळतं, पाणवठे आटतात आणि उरल्यासुरल्या पाण्याभोवती जनावरं जमतात. ताडोब्यात एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात गर्दी होते ती याच कारणानं.

बोट्स्वानातल्या ओकावँगो नदीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र ऐन कोरड्या थंडीत पूर येतो! पाऊस पडतो शेकडो किलोमीटर दूर, अंगोलाच्या डोंगराळ भागात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी पोचायला काही महिने लागतात, कारण वाटेत उतार जवळजवळ नाहीच. पपायरसच्या दाटीतून ते अक्षरशः रांगत येतं. जून ते ऑगस्ट पूर भरात असतो. भोवतालचं कलहारी तेव्हा तहानलेलं, म्हणून हत्ती आणि रानम्हशी इकडे वळतात. ही नदी समुद्राला मिळतच नाही. बहुतेक पाणी वाफ होऊन उडून जातं.

जुलैत मोकोरो या अरुंद होडीतून मनसोक्त फिरता येतं, पण पहाटे उघड्या जीपमध्ये हुडहुडी भरते. ऑक्टोबरात पारा चाळिशी गाठतो. डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित पक्षी आणि इंपालाची पाडसं भरपूर, दरही उतरलेले. गवत मात्र उंच, त्यात बिबट्या शोधणं कठीण. मला विचाराल तर सप्टेंबरची सुरुवात: थंडी सरलेली, ऊन अजून सोसवणारं. मुलांच्या शाळेमुळे मेच जमत असेल, तरी हरकत नाही. पूर चढू लागलेला असतो, हवा सुखद असते. फक्त जनावरं अजून विखुरलेली, तेव्हा दोन मुक्काम जास्तीचे धरा.