औषध सोडण्याचीहि रीत असते

औषध दिवसांतून किती वेळां घ्यावें, जेवणापूर्वीं घ्यावें कीं जेवणानंतर, हें घरोघरीं बारकाईनें विचारलें जातें. तें थांबवावें कसें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. तापाची गोळी ताप उतरला कीं बंद होते. खोकल्याचें औषध खोकला गेला कीं बाटलींत तसेंच पडून राहतें. ह्या अनुभवावरून मनुष्य असें धरून चालतो कीं, बरें वाटूं लागलें म्हणजे औषधाचें काम संपलें. नैराश्यावरील औषधांच्या बाबतींत हा समज घातक ठरतो. तीं सुरू करतांना जितकी सावधगिरी लागते, तितकीच, किंबहुना अधिक, तीं सोडतांना लागते.

ह्या औषधांचा इतिहास फार जुना नाहीं. इमिप्रमीन ह्या औषधाचा नैराश्यावरील गुण स्वित्झर्लंडमधील रोलंड कून ह्या मानसोपचारतज्ज्ञानें १९५७ सालीं प्रसिद्ध केला. तें एकाएकीं बंद केल्यास त्रास होतो, ही नोंद दोनच वर्षांनीं, १९५९ मध्यें, झाली. पुढें १९८७ च्या अखेरीस अमेरिकेंत फ्लुओक्सेटीनला मान्यता मिळाली आणि त्याच्या मागोमाग सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, एस्सिटालोप्राम हीं औषधें घराघरांत पोंचलीं. जुनी नोंद मात्र विस्मृतींत गेली. औषध सोडतांना होणारा त्रास सौम्य असतो व आठवड्याभरांत निवतो, असेंच ब्रिटनमधील अधिकृत मार्गदर्शनांत कित्येक वर्षें म्हटलेलें होतें. हा त्रास कांहींना तीव्र होतो व दीर्घकाळ टिकतो, हें तेथील रॉयल कॉलेज ऑफ सायकायट्रिस्ट्स ह्या संस्थेनें २०१९ सालीं मान्य केलें आणि सरकारी मार्गदर्शनहि त्याप्रमाणें बदललें.

हा त्रास होतो कां? ह्या औषधांपैकीं बहुतेक औषधें मेंदूंतील सेरोटोनिन ह्या रसायनाच्या देवघेवीवर काम करतात. मेंदूच्या पेशी एकमेकींना निरोप पोंचविण्यासाठीं हें रसायन सोडतात आणि काम झालें कीं तें परत शोषून घेतात. औषध हें शोषण थोपवितें. महिनोन् महिने असें चाललें म्हणजे मेंदू त्या स्थितीशीं जुळवून घेतो व औषध आहे असें गृहीत धरून आपला कारभार बसवितो. औषध एकाएकीं गेलें कीं ही घडी विस्कटते, आणि नवी बसावयास वेळ लागतो. ह्याला व्यसन म्हणणें चूक होय. व्यसनांत ओढ असते, मात्रा वाढवीत नेण्याची हाव असते. येथें तसें कांहीं नसतें. शरीराला सवय झालेली असते, इतकेंच.

चक्कर, मळमळ, घाम, कणकण, झोपमोड, विलक्षण स्पष्ट स्वप्नें, चिडचिड, कारण नसतां येणारें रडूं, हीं ह्या त्रासाचीं नेहमींचीं लक्षणें. डोळे किंवा मान वळवितांना डोक्यांत विजेचा बारीक झटका बसल्याचा भास होणें, हें तर त्याचें खास लक्षण होय. औषध शरीरांतून जितक्या वेगानें बाहेर पडतें, तितका त्रास लवकर जाणवतो. व्हेन्लाफॅक्सीनचें रक्तांतील प्रमाण सुमारें ५ तासांत निम्म्यावर येतें, पॅरोक्सेटीनचें सुमारें एका दिवसांत. फ्लुओक्सेटीनला मात्र त्यासाठीं कित्येक दिवस लागतात. अनेक अभ्यासांच्या २०२४ मधील एका एकत्रित आढाव्यांत औषध बंद करणाऱ्यांपैकीं सुमारें ३१ टक्के लोकांना असा त्रास झालेला दिसला. पण औषधाचा अंशहि नसलेली गोळी बंद करणाऱ्यांतहि सुमारें १७ टक्क्यांनीं तशीच तक्रार केली होती. तीव्र त्रास सुमारें पस्तिसांत एकाला झाला. वर्षानुवर्षें औषध घेणाऱ्यांनीं हा संभव अधिक धरावा. तेव्हां घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पण बेफिकिरीलाहि जागा नाहीं.

खरा धोका पुढेंच आहे. औषध सोडल्यावर चौथ्या दिवशीं मन अस्वस्थ झालें, झोप गेली, रडूं येऊं लागलें, कीं घरांतील मंडळी म्हणतात, “दुखणें उलटलें.” रोग्यालाहि तेंच वाटतें. पुष्कळदां वैद्यहि तसेंच समजतो. मग औषध पुनः सुरू होतें, आणि आपल्याला तें जन्मभर सुटणार नाहीं अशी समजूत त्या मनुष्याच्या मनांत कायमची घर करते. वास्तविक तें दुखणें नसून केवळ सोडण्याची घाई नडलेली असूं शकते. दोहोंतला भेद ओळखण्याच्या कांहीं खुणा आहेत. सोडण्याचा त्रास बहुधा मात्रा कमी केल्यापासून थोड्याच दिवसांत सुरू होतो, जुन्या दुखण्यांत कधीं नव्हतीं अशीं चक्कर किंवा झटके ह्यांसारखीं शारीरिक लक्षणें घेऊन येतो, आणि पूर्वींची मात्रा घेतांच लवकर शमतो. मूळ नैराश्य हळूहळू, आठवड्यांमहिन्यांनीं परततें आणि आपल्या जुन्याच चेहऱ्यानें येतें. म्हणून मात्रा केव्हां कमी केली आणि कोणत्या दिवशीं काय वाटलें, हें एका वहींत टिपून ठेवावें. ती वही डॉक्टरांना पुष्कळ कांहीं सांगते.

तर मग सोडावें कसें? “अर्धी करा, मग पाव करा, मग बंद करा,” हा नेहमींचा हिशेब वरकरणी सरळ दिसतो. पण मेंदूचा हिशेब निराळा आहे. पातेलेंभर आमटींत मिठाची पहिली चिमूट पडली कीं चव पालटते. चार चिमटींनंतर पांचवी पडली तर फरक जेमतेम कळतो. सिटालोप्राम ह्या औषधाचेंहि असेंच आहे. शोषण करणारीं मेंदूंतील जीं ठिकाणें, त्यांपैकीं सुमारें ८८ टक्के ठिकाणें ६० मिलिग्रॅमची मात्रा व्यापते आणि २० मिलिग्रॅमची मात्रा सुमारें ८० टक्के. म्हणजे मात्रा एकतृतीयांशावर आली, तरी परिणाम थोडकाच घटला. परंतु सुमारें ९ मिलिग्रॅमवरहि ७० टक्के ठिकाणें व्यापलेलीं असतात, आणि अडीच मिलिग्रॅमच्याहि आंत ४० टक्के. यावरून उघड होतें कीं, जो तुकडा क्षुल्लक म्हणून टाकून द्यावासा वाटतो, त्याच्यांतच औषधाचें बरेंचसें बळ सांठलेलें असतें. पुष्कळ जण आरंभीं सुखानें उतरतात आणि शेवटच्या पायरीवर कोसळतात, तें ह्यामुळेंच.

म्हणून कपात सदैव चालू मात्रेच्या प्रमाणांत करावी, आणि मात्रा लहान होत जाईल तसतसें पाऊलहि लहान करावें. ब्रिटनच्या २०२२ मधील मार्गदर्शनांत उदाहरणादाखल प्रथम चालू मात्रेच्या निम्म्यानें आणि पुढें चतुर्थांशानें कपात सुचविली आहे. कांहींना त्याहूनहि सावकाश जावें लागतें. एका कपातीचा त्रास निवल्याखेरीज दुसरी करूं नये. ह्याला कोणाला कांहीं आठवडे लागतील, कोणाला कित्येक महिने. गोळीचे तुकडे पुरेसे बारीक होत नसतील, तर पातळ औषध मिळेल काय हें डॉक्टरांना विचारावें. दीर्घकाळ झिरपत राहणाऱ्या गोळ्या व कॅप्सूल स्वतःच्या मतानें फोडूं वा कुटूं नयेत. एक दिवसाआड गोळी घेण्याची युक्तिहि बहुतेक औषधांना लागू पडत नाहीं; तिनें रक्तांतील मात्रेचा रोज झोका मात्र होतो.

आपल्याकडे आणखी एका गोष्टीची खबरदारी घेतली पाहिजे. येथें एस्सिटालोप्राम व क्लोनाझेपाम हीं दोन औषधें एकाच गोळींत दिलेलीं पुष्कळदां आढळतात. क्लोनाझेपाम हें निराळ्या जातीचें औषध आहे. तें एकदम तोडल्यास फेफरेंहि येऊं शकतें. तेव्हां गोळीच्या पाकिटावर एक नांव आहे कीं दोन, हें आधीं पाहावें आणि दोहोंचा उतार डॉक्टरांकडून वेगवेगळा ठरवून घ्यावा. प्रवासांत किंवा सणासुदीच्या गर्दींत गोळ्या संपल्या म्हणून औषध आपोआप बंद पडणें, हेंहि टाळलें पाहिजे.

उतरण्यास काळहि योग्य निवडावा. परीक्षा, लग्नकार्य, बदली किंवा घरांत नुकताच झालेला मृत्यु, अशा वेळीं हें काम काढूं नये. झोपेची वेळ नियमित असावी, फिरावयास जावें, मद्य टाळावें. घरच्यांनीं “मन घट्ट कर” असा उपदेश करण्याऐवजीं, हा त्रास येतो तसाच जातो, एवढा धीर द्यावा. तो असह्य झाला, तर मागच्या मात्रेवर परत जाऊन, जरा थांबून, पुनः लहान पावलांनीं निघावें. ह्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

प्रत्येकानें औषध सोडलेंच पाहिजे, असा मात्र ह्याचा अर्थ नव्हे. ब्रिटनमध्यें दीर्घकाळ औषध घेऊन बऱ्या झालेल्या ४७८ लोकांवर एक चाचणी झाली. तिच्या २०२१ मधील निष्कर्षाप्रमाणें वर्षभरांत औषध चालू ठेवणाऱ्यांपैकीं ३९ टक्क्यांना, तर सोडणाऱ्यांपैकीं ५६ टक्क्यांना नैराश्य पुनः जडलें. म्हणजे सोडणाऱ्यांपैकीं पुष्कळ जण सुखरूप राहिले, आणि चालू ठेवणारेहि सर्वस्वीं निर्धास्त नव्हते. ज्यांना हें दुखणें वारंवार जडलें आहे किंवा ज्यांनीं पूर्वीं जिवाचें बरेंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांनीं हा निर्णय एकट्यानें कदापि घेऊं नये. गर्भ राहिल्याचें कळतांच धास्तीनें औषध टाकून देणेंहि तितकेंच धोक्याचें. उतरतांना मरणाचे विचार येऊं लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहतां त्याच दिवशीं डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयांत जावें. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलि-मानस ह्या सरकारी सेवेशीं मराठींतून, रात्रींबेरात्रींहि, बोलतां येतें.

औषध घेण्यांत लाज नाहीं आणि तें सोडण्यांत पराक्रम नाहीं. दोन्ही गोष्टी विचारानें, सोबतीनें व योग्य वेळीं व्हाव्यात. ज्या मेंदूनें औषधाशीं जुळवून घ्यावयास महिने घेतले, त्याला तें विसरावयासहि तितकीच सवड देणें, हाच सुरक्षित मार्ग होय.