'फॉर्बिड' या क्रियापदाचा अर्थ आणि त्याचे मराठी प्रतिशब्द

इंग्रजीतील 'फॉर्बिड' या क्रियापदाचा अर्थ कोशांत सामान्यतः 'मना करणे' असा सापडतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. 'प्रोहिबिट' आणि 'प्रिव्हेंट' ही क्रियापदे त्याच्या शेजारी ठेवल्याखेरीज त्याचे नेमके क्षेत्र ध्यानात येत नाही. आणि ते ध्यानात न आल्यास कायद्याच्या भाषांतरात अर्थाची हानी होते.

व्युत्पत्तीच्या दृष्टीने 'फॉर्बिड' हे जुन्या इंग्रजीतील 'बेओदन' या धातूला 'फॉर' हा निषेधार्थक उपसर्ग लागून सिद्ध झाले. 'बेओदन' म्हणजे जाहीर करणे, आज्ञा करणे. संस्कृतातील 'बुध्' हा धातू त्याचाच सगोत्र होय. दुसऱ्यास जाणीव देणे हा या धातुकुलाचा एक जुना अर्थ असून 'फॉर्बिड'मधील मना करणे हे मुळात शब्दाने, आज्ञेने होणारे आहे. 'प्रोहिबिट' हे लॅटिनमधून आले. 'प्रो' आणि 'हाबेरे', म्हणजे धरणे, यांपासून ते बनले असून आडवे धरून थोपविणे ही त्यातील मूळ कल्पना होय. आजच्या वापरात बाप मुलास किंवा वैद्य रोग्यास मना करतो तेथे 'फॉर्बिड' स्वाभाविक वाटते. नियम, अधिनियम वा सरकारी फलक मना करतो तेथे 'प्रोहिबिट' अधिक रुळलेले आहे.

रचनेतही भेद आहे. 'फॉर्बिड'नंतर परंपरेने 'टू'युक्त क्रियारूप येते. 'प्रोहिबिट'नंतर 'फ्रॉम' व धातुसाधित नाम येते. 'फॉर्बिड'बरोबरही 'फ्रॉम' आता पुष्कळ आढळते. नकार क्रियापदातच असल्याने पुढे दुसरा नकार घातल्यास अर्थ उलटतो. मराठीत 'जाण्यास मनाई केली' किंवा 'जाऊ नये असे बजावले' यांपैकी एकच रचना घ्यावी. 'न जाण्यास मनाई केली' असे लिहिल्यास जाण्याची सक्ती सूचित होते. कर्ता ईश्वर असेल तर 'देव न करो' हा मराठीचा स्वतःचा प्रयोग आहे. 'फॉर्बिडिंग' हे विशेषण कड्याला लावलेले असेल, तर तेथे मनाईचा संबंध नसून तो कडा छाती दडपणारा आहे, एवढाच अर्थ असतो.

सर्वांत महत्त्वाचा भेद फलाचा आहे. 'मनाई केली, तरी तो गेला' हे वाक्य सुसंगत आहे. 'जाऊ दिले नाही, तरी तो गेला' हे विसंगत आहे. 'फॉर्बिड' पहिल्या प्रकारचे, 'प्रिव्हेंट' दुसऱ्या प्रकारचे. म्हणून 'प्रतिबंध' हा शब्द 'फॉर्बिड'साठी जपून वापरावा. 'प्रतिबंधक लस' या प्रयोगात त्याचा ओढा कोणीकडे आहे ते दिसते. 'मनाई' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द हुकमाला शोभतो, तर 'बंदी' हा 'दारूबंदी'प्रमाणे व्यापक व चालू राहणाऱ्या निर्बंधाला. 'निषेध' हा शब्द मात्र घसरला आहे. मीमांसेत विधी प्रवृत्त करतो आणि निषेध अनिष्ट कर्मापासून निवृत्त करतो. आजच्या मराठीत 'सभेचा निषेध केला' म्हणजे सभेविरुद्ध नापसंती जाहीर केली. जुना अर्थ 'निषिद्ध' या विशेषणात तेवढा शाबूत आहे.

या विवेचनाची कसोटी संविधानाच्या अनुच्छेद १७ मध्ये लागते. तेथे अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगून तिच्या आचरणासाठी 'फॉर्बिड'चे रूप योजले आहे. वेठबिगारीविषयीच्या अनुच्छेद २३ मध्ये 'प्रोहिबिट'चे. अनुच्छेद १७ साठी 'निषिद्ध' हाच शब्द समर्पक ठरतो, कारण तो धर्मशास्त्राच्या परिभाषेतील आहे. पुण्यात १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वतीवरील मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दरवाजे बंद करण्यात आले आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. त्या दिवशी अस्पृश्य मानलेल्या माणसांचा प्रवेश निषिद्ध होता. संविधानसभेने २९ नोव्हेंबर १९४८ रोजी ही तरतूद स्वीकारली, तेव्हा माणूस नव्हे, त्याला दूर ठेवणारे आचरणच निषिद्ध ठरले. शब्द तोच राहिला, त्याचे कर्म बदलले.

मात्र निषिद्ध ठरविणे म्हणजे थांबविणे नव्हे. अनुच्छेदाने अस्पृश्यतेतून उद्भवणारी निःसमर्थता लादणे हा अपराध ठरविला. त्याची शिक्षा सांगण्यासाठी १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम करावा लागला. १९७६ मधील दुरुस्तीने त्यालाच नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. 'फॉर्बिड' आणि 'प्रिव्हेंट' यांमधील अंतर येथे केवळ कोशातले राहत नाही. ते कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांमधील अंतर होय. भाषांतरकाराने 'निषिद्ध'च्या जागी 'प्रतिबंधित' लिहिले, तर जे अद्याप साधावयाचे आहे ते साधलेच आहे, असा भास वाचकास होईल.