ब्रॉडहेडला धार: घरगुती जिग पुरतो

अमेरिकेतले धनुर्धारी शिकारी ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाच्या पातेदार टोकाच्या, धारेबाबत फार काटेकोर असतात. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. रक्तस्राव झपाट्याने झाला तरच हरीण तडफडत नाही. (आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी, हौस फक्त धारेची!)

दोन पात्यांच्या टोकासाठी लाकडी ठोकळ्याला 20-25 अंशांचा उतार द्या (हाच जिग, म्हणजे कोन पक्का धरणारा साचा), पातं त्यावर घट्ट बसवा आणि कानस आडवी, सपाट चालवा. आधी कड काळ्या मार्करने रंगवा. रंग वरचाच गेला, धारेशी तसाच राहिला, तर अजून घासायचंय. पलीकडे नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. मग दगड, शेवटी चामडं. ताणलेला रबरबँड नुसत्या स्पर्शाने तुटला पाहिजे.

तीन पात्यांच्या अखंड टोकाला जिग लागतच नाही. दोन पाती एकदम कानशीवर टेकवली की कोन आपोआप जमतो.